गौताळ्याची राईड : आखणीच्या नोंदी

11 ऑगस्ट 2024, रविवार

नवी वही काढली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एका दिवसाच्या सायकल राईडचा मार्ग लिहिला : संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, कन्नड घाट, चाळीसगाव, पाटणादेवी आणि आल्या वाटेनं परत. बेरीज केली तर आकडा दोनशेच्या पुढं जातो. पुतणीनं पान बघितलं आणि विचारलं, "काका, लांब पल्ल्याच्या सायकल राईड घेणारे बीआरएमवाले दोनशेला साडेतेरा तास देतात. आपल्याला कोण देणार?"

तिचं बरोबर आहे, पण पाटणादेवीचं पाटणं मला सोडवत नाही. गणित शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं. 1114 साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानं मठ काढला. त्याचा इसवी सन 1207 च्या सुमाराचा शिलालेख कन्नड घाटाच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण्याला आहे. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. मी अजून तिथं गेलेलो नाही. वर्गात मात्र दरवर्षी सांगतो.

तिघं जायचं ठरलंय : मी, पुतणी आणि गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. तारीख ठरायचीय.

18 ऑगस्ट, रविवार

डॉक्टरीणबाईंनी मैत्रिणींना सांगून टाकलंय की आम्ही 'नॅशनल पार्कात' सायकल चालवणार. आधी ते निस्तरलं. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा : ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. मराठवाड्यात एकही नाही. आपल्याकडं आहेत ती अभयारण्यं : जायकवाडी, नायगावचं मयूर, येडशी रामलिंग घाट, पैनगंगा आणि हे गौताळा औट्रमघाट. गौताळा 1986 साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर, थोडं आपल्या जिल्ह्यात, थोडं जळगाव जिल्ह्यात. "म्हणजे एक पायरी खाली?" त्यांनी विचारलं. वाघाला विचारा म्हटलं. 2021 च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून एक वाघ चालत गौताळ्यात आला आणि कॅमेऱ्यात सापडला. त्यानं पाटी वाचली नव्हती.

आपल्याला मात्र पाटी वाचायला लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 काढून वाचलं. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जाणाऱ्याला परवाना लागत नाही. त्या रस्त्यावरून आत वळलात की कलम 28 प्रमाणे परवानगी घ्यायची. म्हणजे कन्नड घाटातला राष्ट्रीय महामार्ग 52 आपल्याला मोकळा. हिवरखेड्याकडून गौताळा तलावाकडं जायचं तर अर्ज करायचा. कलम 27 मध्येच कचरा टाकायलाही मनाई आहे. केळ्याची साल जैविक असते हा वाद पुतणीनं घालून पाहिला. सालीसकट सगळं खिशात घालून परत आणायचं, असं ठरलं.

24 ऑगस्ट, शनिवार

चाचणी : घर ते खुलताबाद आणि परत. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा. इथवर सरळ गेलो. पुढं काय वाढून ठेवलंय हे आठवायला हवं होतं. श्रावणातला शनिवार! भद्रा मारुतीला रात्रभर चालत निघालेली माणसं अर्ध्या रस्त्यावर. पायांत चपला नाहीत, हातात झेंडे, मागं टेम्पोत गाणी. त्यांच्यातून सायकल काढणं म्हणजे जत्रेतून पाण्याची घागर नेणं. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात तर मोटारी, एसटी, माणसं आणि आम्ही, सगळे एका कमानीत. उतरून ढकलत नेली.

घाट चढताना मात्र बरं वाटलं. कागजीपुऱ्यापाशी थांबलो. खुलताबादला चहा, भजी, माघारी.

शनिवारी मारुती. रविवारी वेरूळच्या पर्यटकांच्या गाड्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. म्हणून मंगळवार. ह्या रस्त्यासाठी ह्याहून साधं गणित नाही. रजेचं ज्यानं त्यानं बघावं.

2 सप्टेंबर, सोमवार

पोळा. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग पावसानं धुऊन निघाला. दोन दिवस झोडपून काढलंय. परभणी, हिंगोली, नांदेडकडं तर नद्या गावांत शिरल्या.

2021 चा ऑगस्ट आठवला. 30 तारखेच्या रात्री असाच पाऊस पडला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. गाड्या अडकल्या, घाट कितीतरी दिवस बंद. कन्नडला मामांना फोन लावला. मामांनी एसटीवर ड्रायव्हर म्हणून उभी हयात ह्या घाटात काढली. म्हणाले, "घाट बंद नाही सध्या. पण तू कशाला विचारू लागलास?"

सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "सायकलीवर? उतरशील रे. उतरणारे सगळेच उतरतेत. वर कसा येशील त्येचं सांग."

मामा 'औट्रम' म्हणत नाहीत. त्यांचा तो कन्नडचा घाट. 1825 नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आऊट्रमचं नाव घाटाला आणि पुढं अभयारण्याला मिळालं. गावच्या जिभेवर ते काही रुळलं नाही.

एक चांगली गोष्ट मामांकडूनच पक्की झाली. 2023 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं अवजड वाहनांना घाट बंद आहे. म्हणजे मागून सोळा चाकी ट्रक अंगावर येण्याची भीती घाटापुरती कमी. घाटाच्या अलीकडं ती आहेच.

17 सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, वर मंगळवार. वहीत ह्या तारखेला कधीच गोल केला होता. पण आजच अनंत चतुर्दशी. सगळे रस्ते मिरवणुकांचे. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी विसर्जन. सायकल घरात.

22 सप्टेंबर, रविवार

आज गिअरचा हिशोब. माझ्या सायकलला पुढं 34 दात्यांची लहान चकती, मागं सर्वांत मोठी 32 ची. 28 मिमी टायरच्या चाकाचा परीघ साधारण 2.13 मीटर. म्हणजे पेडल एकदा फिरलं की सायकल 2.26 मीटर पुढं. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटरच्या थोडं वर. पुतणीच्या सायकलला मागं 28 च. तिची एका फेरीत 2.59 मीटर, साठ फेऱ्यांना ताशी नऊच्या वर. ऐकायला बरं वाटतं, पण फेऱ्यांची लय तीच ठेवायची तर तिला माझ्यापेक्षा वेगानं चढावंच लागणार. सात टक्के चढ आणि सायकलीसकट 82 किलो धरले तर माझ्या गिअरला 140 वॉटच्या आसपास ताकद लागते, तिच्या गिअरला 155 च्या वर. हा फरक पाच मिनिटं कळत नाही. अर्ध्या तासानं गुडघ्यात कळतो.

ती म्हणाली, "काका, मी बावीस वर्षांची आहे." मी म्हटलं, गुडघे कुणाचेही असोत, भागाकार तोच. शेवटी तिची मागची चकत्यांची माळ बदलायची ठरली, 32 ची. त्यासाठी साखळीही थोडी लांब लागेल. मेकॅनिकला सांगितलं.

6 ऑक्टोबर, रविवार

पाहणी. स्कूटरवर मी, कन्नडपासून मागं मामा. दिवसभराचं लिहितो.

वेरूळ सोडलं की पळसवाडी, गल्लेबोरगाव, हतनूर. चौपदरी रस्ता गुळगुळीत. सायकलला मजा, पण सावली नाही. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी. कन्नडला मामांच्या घरी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही. मग तेलवाडीच्या पुढं घाटमाथा.

माथ्यावर स्कूटर उभी केली. खाली खानदेश एकदम उघडा पडतो. आपल्याकडून हा डोंगर डोंगर वाटतच नाही, सपाटीवरून चालत चालत कड्यावर येतो माणूस. सातमाळ्याची ही भिंत. अलीकडं पडलेलं पाणी शिवनेतून गोदावरीला जातं, पलीकडचं गिरणेतून तापीला. एका पावसाचे दोन समुद्र.

मामांनी बोट दाखवलं : ते वळण, त्याच्या खालचं वळण, मग ती जागा जिथं दरड आली. "गाडी ज्या गिअरात चढवायची, त्याच गिअरात उतरवायची. ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतो आन् मग तो ब्रेक राहत नाही. तुझ्या सायकलीला इंजिन कुठं हाये? कशानं धरशील?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते वाचलेलं होतं : ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, वळणाच्या आधी घट्ट दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा. आमच्या दोघांच्या सायकलींना रिम ब्रेक आहेत. रिम तापली की आतली ट्यूब फुटू शकते, आणि पुढची ट्यूब वळणावर फुटली तर पुढचं काही सांगायला नको. मामांनी ऐकून घेतलं. "मंजे तेच की," म्हणाले. दोघंही तेच सांगत होतो, पण त्यांनी ते केलेलं होतं.

परत फिरून हिवरखेड्याकडून जंगलात. नाक्यावर नोंद केली. इथून पुढं रस्ता एकपदरी, कडा तुटलेल्या. मधेच डांबर, मधेच नुसती खडी. साग, धावडा, सालई, अंजन. सागाची पानं ह्या दिवसांत जाळीदार झालेली असतात. अळी सगळा हिरवा भाग खाते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवते. अशी पानं वळणावर साचून पडली होती. मी पायानं बाजूला सारली तर खाली बारीक खडी. वहीत लिहिलं : पानं दिसली तिथं वळायचं नाही, सरळ राहायचं, वेग आधीच उतरवायचा. आजच्या दिवसातलं सर्वांत कामाचं वाक्य हेच.

तलावाकाठी थांबलो. इथं गौतम ऋषींनी तप केलं म्हणून गौताळा, असं मामा सांगत होते. एवढ्यात पलीकडच्या काठावर नीलगायींचा कळप आला. मामा बोलायचे थांबले. मीही.

परवानगीचं विचारून आलो. नावं, सायकलींची संख्या, तारीख देऊन अर्ज करायचा. रस्ता सोडायचा नाही, आवाज नको, संध्याकाळच्या आत बाहेर.

13 ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज पान फाडलं.

पाटणं गळालं. घाट उतरून चाळीसगाव, तिथून अठरा-एक किलोमीटर पाटणादेवी, मग तेवढंच मागं आणि दुपारी दोनच्या उन्हात घाट चढून वर. तोवर पायांत दीडशे किलोमीटर, आणि कन्नडहून घर अजून साठ. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाला मावळतो. कसंही मांडलं तरी शेवटचे दोन तास अंधारात, महामार्गावर, ट्रकांच्या शेजारून. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, तुम्हाला पाटणं बघायचंय की पाटण्याला सायकलनं गेलो असं सांगायचंय?"

दोन्ही. पण एका दिवसात दोन्ही होत नाही.

मग घाटही गळाला. उतरायचंच नसेल तर नुसतं माथ्यापर्यंत कशाला? त्यापेक्षा हिवरखेड्याकडून जंगलात. सगळं धरून दीडशेच्या आत.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. आजवर सगळे कन्नड घाटालाच घाबरत होतो. खरा घाव वेरूळ ते खुलताबाद चढाचा आहे, परतीच्या वाटेवरचा. जाताना तो उतार असतो म्हणून कुणी मोजलाच नव्हता. परत येताना शंभराच्या आसपास किलोमीटर झालेले, दुपार, आणि समोर तो चढ. पर्याय : परतताना खुलताबादला वर जायचंच नाही. महामार्गानंच कसाबखेडा, माळीवाडा, शरणापूर. रस्ता कंटाळवाणा, पण सपाट. माळीवाड्याला समृद्धीच्या गाड्या चढतात-उतरतात, तिथं सावध राहायचं. (समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, सायकल तर लांबच. तरी पुतणीनं एकदा विचारून बघितलंच.)

20 ऑक्टोबर, रविवार

चाचणी दुसरी. दौलताबाद घाट तीनदा वर-खाली. पुतणीची नवी माळ छान चालते. "गुडघे कबूल आहेत," म्हणाली.

तिसऱ्या फेरीत माझं पुढचं चाक बसलं. सराटा. ह्याला आपल्याकडं पर्याय नाही. पावसाळ्यानंतर सराट्याची वेल रस्त्याच्या कडेला पसरते, फळं वाळतात, आणि प्रत्येक फळाचं एक टोक वर राहतंच, कसंही पडलं तरी. थांबायला म्हणून डांबरावरून कडेला उतरलो, तेवढंच पुरलं. टायरवरून बोट फिरवलं तर एक नाही, चार. तीन अजून आत पोचले नव्हते. ते नखानं उपटले.

पिशवीतून नवी ट्यूब काढली. शहरातल्या एका दुकानातून गेल्या महिन्यात घेतलेली, खोक्यावर बरोबर माप छापलेलं. आत मात्र मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह. माझ्या रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हचं. घाटाच्या मध्यावर, हातात नवी कोरी ट्यूब, आणि ती आत जाईना. डॉक्टरीणबाईंकडची ट्यूब वापरली. त्यांचा व्हॉल्व्ह बरोबर होता, कारण त्यांनी घरी खोकं उघडून बघितलं होतं.

नियम लिहिले. एक : प्रत्येकाकडं दोन ट्यूब, खोक्यातून काढून, हवा भरून तपासलेल्या. दोन : थांबायचं ते डांबरावर किंवा साफ दगडावर, गवतात सायकल टेकवायची नाही. तीन : दर थांब्याला टायरवरून ओलं फडकं फिरवायचं. चार : हवा मला 75 पीएसआय पुरे, जंगलाच्या खडीवर थोडी कमी केली तरी चालेल.

येताना दौलताबादला सीताफळं घेतली. टोपलीवाल्या मावशी म्हणाल्या, "सायकलीवर कशी नेशील रे, डोळे फुटतील त्येंचे." फुटले.

27 ऑक्टोबर, रविवार

खाण्यापिण्याचा विषय डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं टाकून 'स्ट्राँग' करायचं नाही, हे त्यांनी मला उद्देशून दोनदा सांगितलं. जंगलात पाणी मिळेल असं धरायचं नाही, कन्नडला सगळं भरून घ्यायचं. खाऊ : दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर. वेरूळला वानरं आहेत, तिथं पिशवी उघडायची नाही.

आणि अत्तर, वासाचं सनस्क्रीन काही नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. मोहोळ उठलं तर सायकल टाकून पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

4 नोव्हेंबर, सोमवार

काल भाऊबीज. पुतणी अजून अनारशांतच आहे.

शेवटचा कागद :

पहाटे साडेपाचला घर. दिवे लावून, सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला. दिल्ली दरवाजा गर्दीच्या आत पार करायचा. नऊ-साडेनऊला कन्नड, मामांकडं नाष्टा. तिथंच निर्णय : साडेदहापर्यंत पोचलो नाही तर जंगल नाही, तिथूनच परत. हे तिघांनी कबूल केलंय. वहीत सह्या घेतल्या, उगाच नाही. दुपारी एकच्या आत जंगलाच्या नाक्यातून बाहेर. मग महामार्गानं घर.

परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. निवडणुकीची आचारसंहिता आहे, नाक्यांवर गाड्या तपासतात. पुतणीनं विचारलं, "दशम्यांचा डबा उघडायला लावतील का?"

मामांचा फोन येऊन गेला. जेवणाची व्यवस्था विचारली, वेळ विचारली, आणि शेवटी, "पाटण्याचं काय झालं मग?"

रद्द, म्हटलं.

"बरं केलंस," मामा म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी कधी कुणाला बरं केलंस म्हटल्याचं मला आठवत नाही.

6 नोव्हेंबर, बुधवार

काल, मंगळवारी, राईड झाली. 141 किलोमीटर. वेरूळला खरंच शुकशुकाट होता. कन्नडला नऊ पन्नासला. जंगलात एकही गाडी आडवी आली नाही. दोन वळणांवर सागाची पानं, दोन्ही ठिकाणी सरळ राहिलो. तलावावर पंधरा मिनिटं. नीलगायी नव्हत्या, मोर होता.

पंक्चर एकच, डॉक्टरीणबाईंचं, हतनूरच्या अलीकडं. बारा मिनिटं लागली. माळीवाड्याला अर्धा तास समोरचा वारा खाल्ला, त्याचा अंदाज कुठंच केला नव्हता. पुढच्या वेळी दुपारच्या वाऱ्याचा रकाना काढायचा.

मामांनी चाळीसगावच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्यात. पाटण्याला डिसेंबरात. एसटीनं.